उलटा मोजा

भाचीचा नाशिकहून फोन आला तेव्हा मी मोज्याची टाच वळवत होते. टाच वळवताना कुणाशी बोलू नये, मोजलेले टाके डोक्यातून उडतात. पण स्क्रीनवर तिचं नाव दिसलं आणि सुई बाजूला ठेवली. बाळंतपणानंतर ती घरीच आहे, मुलगी सात महिन्यांची झाली, आणि गेले काही महिने क्रोशाच्या सुईने तिला पुरतं झपाटलंय.

"मावशी, मी स्वतःची वेबसाइट काढतेय. बाळंतविड्यांची. तुझी आहे ना इतकी वर्षं? मला पटापट दहा गोष्टी सांग, मी लिहून घेते."

दहा गोष्टी काही मला सांगता येईनात. मी म्हटलं, "साइटचं नाव कुणाच्या नावावर घेतलंस ते आधी सांग."

"अगं, ह्यांचा एक मित्र आहे आयटीतला. त्याने त्याच्या अकाउंटवरून घेऊन दिलं. पैसेसुद्धा घेत नव्हता."

मी कपाळाला हात लावला. माझंही डिट्टो असंच झालं होतं. धाकट्या दिरांच्या मुलाने हौसेने सगळं करून दिलं, त्याच्या ईमेलवर, त्याच्या कार्डावर. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची गरजही वाटली नव्हती. पुढे तो जर्मनीला गेला, ते जुनं ईमेल त्याने उघडायचं सोडलं, आणि मुदत संपत आल्याची पत्रं तिकडे साचत राहिली. एका सकाळी माझ्या कुंच्या-टोपड्यांच्या जागी कसल्याशा कर्जाच्या जाहिराती. कल्याणच्या एक नेहमीच्या बाई आहेत, त्यांनी फोन करून हळूच विचारलं, "ताई, दुकान मोडलंत का?"

नाव आपण विकत घेत नाही, वर्षाच्या बोलीने घेतो, हे मला तेव्हा उमगलं. मुदत संपल्यावर काही दिवस ते नेहमीच्या पैशांत परत मिळतं. ते दिवस उलटले की सोडवायला वर जबर दंड. तेही उलटले की ज्याला हवं त्याने उचलावं. मी दंडाच्या दिवसांत पोचले होते. गहाण पडलेली पाटली सोडवावी तसं ते नाव सोडवलं. आता ते माझ्या नावावर, माझ्या ईमेलवर आहे, आणि मुदतीची तारीख कॅलेंडरच्या पानावर दुधाच्या हिशेबाशेजारी लाल पेनाने लिहिलेली असते. शिवाय पहिल्या वर्षीचा भाव बघून हुरळायचं नाही. दुसऱ्या वर्षीचा भाव काय ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचायचं.

"पण मग एवढा खटाटोप कशाला? नुसतं इन्स्टावर टाकलं तर?" भाचीने विचारलं.

टाक की. मीही टाकते. तिथे लोक भेटतात, ती बाजाराची जागा आहे. पण बाजार उठतो. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. २९ जून २०२० ला सरकारने ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं, आणि शिवणकाम दाखवून हजारोंनी माणसं जोडलेल्या बायकांची सगळी मेहनत एका रात्रीत दिसेनाशी झाली. मी माझा मजकूर आधी २०० पानी वहीत लिहिते, मग साइटवर चढवते, आणि महिन्यातून एकदा सगळ्याची एक प्रत घरच्या पेनड्राइव्हवर उतरवून घेते. आईचा एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता, त्यात तिने केलेल्या प्रत्येक लेसचा वीतभर नमुना असायचा. पेनड्राइव्हही त्याच डब्यात आहे.

इथवर फोनवर बोलणं झालं. खरी गंमत नंतर सुरू झाली, तिने साइटवर टाकायचा मजकूर मला वाचायला पाठवला तेव्हा.

"प्रेमाने आणि मायेने विणलेले, सुंदर, आकर्षक, मनमोहक बाळंतविडे. आपल्या चिमुकल्यासाठी खास."

वाचून मला माझी लाज आठवली, कारण माझा पहिला मजकूर शब्दशः असाच होता. माझी थोरली बहीण, म्हणजे ह्या भाचीचीच आई, तो वाचून म्हणाली होती, "सगळ्यांचेच प्रेमाने विणलेले असतात गं. रागाने कोण विणतं?" मी दोन दिवस फुगून बसले. मग एक झबलं हातात घेतलं, उलटंपालटं केलं, आणि स्वतःला विचारलं की ह्यात असं काय आहे जे दुकानातल्या बाईला दिसणार नाही, पण मला माहीत आहे.

पहिलं म्हणजे शिवण. नवजात बाळाच्या झबल्याची शिवण मी बाहेरच्या बाजूला ठेवते. बघणाऱ्याला वाटतं, उलटं घातलंय. पण बाळाची कातडी इतकी नाजूक की आतली जाड शिवण काखेत काचते आणि तिथे लाल रेघ उमटते. दुसरं, बटण नाही, बंद. बंद समोर नाही, बाजूला, आणि बाळाच्या तोंडात जाणार नाही इतकाच लांब. मणी नाही, टिकली नाही. आपल्याकडे टोपड्याला मोत्यांची झालर लावायची हौस असते. ती झालर मी रुखवतात मांडायच्या टोपड्याला लावते, बाळाच्या नाही.

तिसरं म्हणजे मोजा. मोजा विकत घेताना कुणी उलटा करून बघत नाही. दोन रंगांचा मोजा विणला की आतल्या बाजूला दोऱ्याचे लांब फेरे सुटे राहतात. बाळ पाय झाडतं, त्यातला एखादा फेरा बोटात अडकतो, झाडेल तसा आवळत जातो. बाळ रडतं, आपण समजतो भूक लागली, आणि इकडे बोट सुजून निळं पडतं. म्हणून मी दर दोन-तीन टाक्यांनंतर आतला दोरा गुंतवून घेते आणि शेवटची टोकं गाठ मारून न सोडता विणीत शिवून टाकते. वेळ दुप्पट लागतो. सुलट बाजूने बघितलं तर काहीच फरक दिसत नाही.

हे सगळं मी साइटवर लिहिलं. मोजा उलटा करून, आतल्या बाजूचा फोटो काढून लावला. यजमान म्हणाले, "गिऱ्हाइकाला कुणी मालाची उलटी बाजू दाखवतं का?" पण आठवडाभरातच एका आजीबाईंचा फोन आला, पुण्याहून. मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघाल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तो उलटा मोजा बघितला, म्हणून फोन केला." चार जोड मोजे, दोन टोपडी आणि एक खणाची कुंची त्यांनी घेतली. वर, बॅगेत मेथकूट आणि डिंकाच्या लाडवांशेजारी ठेवणार आहे, वास लागणार नाही अशी बांधून द्या, अशी सूचना.

मला वाटायचं, लोक माझ्या आठवणी वाचतील. आईच्या डब्यावर मी चांगलं लिहिलंय, असं आपलं माझं मत. पण साइटवर रोज उठून लोक जिथे येतात ते पान म्हणजे टोपड्याच्या मापांचं कोष्टक. कोरडं ठणठणीत. जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटीमीटर, म्हणजे १४ इंचांच्या आसपास. वर्षाच्या बाळाचा ४५-४६ सेंटीमीटर. टोपडं मात्र घेराइतकं करायचं नाही, इंचभर कमी करायचं, कारण वीण ताणते. बस, एवढंच. तीन रात्री जागून लिहिलेली आईची आठवण एकीकडे आणि भाजी फोडणीला टाकून टाइप केलेलं हे एकीकडे. सुरुवातीला वाईट वाटायचं. आता त्या कोष्टकाच्या खाली एक ओळ घातली आहे, "ही मापं मला जिने शिकवली तिची गोष्ट", आणि त्या वाटेने थोडी माणसं डब्यापर्यंत येतात.

बाळंतविड्याच्या धंद्याला एक मोठी अडचण आहे, ती भाचीला अजून यायची आहे. आपल्याकडे बाळ जन्माला यायच्या आधी त्याचे नवे कपडे आणत नाहीत. शिकलेल्या घरांतसुद्धा पाळतात. आणि मी कोण त्यांना हसणार, मीही पाळलं. मग होतं काय, की पहिले दोन दिवस दवाखान्याच्या गडबडीत जातात, तिसऱ्या दिवशी आत्याला आठवतं की बाराव्या दिवशी बारसं आहे आणि कुंची-टोपडं आपल्याकडून हवं. त्यातले दोन-तीन दिवस पार्सल पोचायला. म्हणजे माझ्या हातात उरले पाच-सहा. माझ्या साइटवर सगळ्यात वर, फोटोच्याही आधी, एक ओळ आहे: "आज सांगितलंत तर अमुक तारखेला हातात पडेल." ती तारीख मी रोज सकाळी चहा पिता पिता बदलते. आधी हीच माहिती चौथ्या पानावर तळाशी होती आणि मला दिवसाला दहा फोन यायचे. काही धूर्त आत्या मैत्रिणीच्या नावाने सातव्या महिन्यातच मागणी नोंदवतात आणि "बाळ झालं की सांगते, मग पाठवा" म्हणतात. मी त्यांचं पुडकं बांधून कपाटात ठेवते. रीत पाळली गेली, कामही झालं.

सणांचंही तसंच. बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत होतं. पहिल्या वर्षी मी काळ्या झबल्यांवर १२ जानेवारीला लिहिलं आणि मग फेब्रुवारीभर ती झबली पोटमाळ्यावर. इंटरनेटवर आज लिहिलेलं आज कुणाला सापडत नाही. शोधणाऱ्यांच्या नजरेस यायला पानाला काही आठवडे मुरावं लागतं, लोणच्यासारखं. आता काळ्या झबल्याचं पान मी दिवाळीची पणती आवरता आवरता नीट करते. दरवर्षी नवं लिहायचं नाही, तेच पान झाडूनपुसून घ्यायचं.

भाषेवरून भाचीशी वाद झाला. तिला सगळं इंग्रजीत लिहायचं होतं, "म्हणजे प्रोफेशनल वाटतं." मी तिला तिचंच टोपडं आठवून दिलं. तिने एका ब्रिटिश नमुन्यावरून विणलं होतं आणि ते लेकीच्या नाकापर्यंत उतरलं. कारण अमेरिकन लोक ज्याला 'सिंगल क्रोशे' म्हणतात त्याला ब्रिटिश 'डबल' म्हणतात, आणि अमेरिकनांचं 'डबल' म्हणजे ब्रिटिशांचं 'ट्रेबल'. नमुना ब्रिटिश, हिच्या डोक्यात अमेरिकन व्हिडिओ. छोट्या टाक्याच्या जागी उंच टाका पडत गेला. आपल्याकडे हा घोळ नाही. छोटा टाका तो मुका खांब, उंच टाका तो खांब, साखळी म्हणजे साखळी. तीन साखळ्या, एक खांब, एक साखळी सोडून पुन्हा खांब, असं लिहिलं की माझ्या पिढीच्या बाईच्या हाताला आपोआप कळतं.

फक्त एक खबरदारी. आपण एकच वस्तू चार तऱ्हांनी लिहितो. क्रोशा, क्रोशे, क्रोशिया. दुपटं आणि दुपटे. टोपडं, टोपडे, टोपरं. शोधणारी बाई ह्यातलं काय टाइप करेल सांगता येत नाही, म्हणून मी एकाच पानावर ओघात दोन-तीन रूपं येऊ देते. शुद्धलेखनवाल्यांनी माफ करावं. आणि कुणी जुना मजकूर डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतला असेल तर तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येईल अशा अक्षरांत, करून घ्यावा, नाहीतर साइटवर चिकटवल्यावर नुसता कचरा दिसतो. मी आईच्या नमुन्यांचं तसं करून बसले होते.

पानाचा पत्ता, म्हणजे त्याची लिंक, मात्र मराठीत ठेवू नये, हे मी मराठीची अभिमानी असूनही सांगते. देवनागरीतलं एक चिन्ह त्या पत्त्यात नऊ खुणांचं होतं, टक्के, आकडे आणि रोमन अक्षरं मिळून. 'बाळंतविडा' ह्यात काने, अनुस्वार, वेलांटी धरून नऊ चिन्हं, म्हणजे एका शब्दाच्या ८१ खुणा. माझी साइट वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या एका तयार सोयीवर, आहे, तिथे पत्त्याला २०० खुणांची मर्यादा, तेव्हा मराठी शीर्षक बाविसाव्या चिन्हाशी तुटतं. आणि जे उरतं ते व्हॉट्सॲपवर पाठवलं की समोरच्याला वाटतं कुणीतरी फसवणुकीची लिंक पाठवली. शीर्षक मराठीत, पत्ता रोमन अक्षरांत, दोन शब्दांचा. मिटलं.

फोटोंबद्दल मी किती बोलेन तेवढं थोडं. डोंबिवलीच्या आमच्या घरात चांगला उजेड म्हणावा असा सकाळी नऊ ते साडेदहा, गॅलरीच्या दारात, तोही पावसाळा सोडून. ऊन कठड्यापर्यंत आलेलं असतं पण आत शिरलेलं नसतं. त्या पट्ट्यात जुनी पांढरी चादर अंथरते, त्यावर वस्तू. एकदा रात्री पिवळ्या दिव्याखाली फोटो काढला आणि मोतिया रंगाचं दुपटं लोणकढ्या तुपाच्या रंगाचं दिसलं. घेणाऱ्या बाईंना तोच तुपाचा रंग हवा होता. हातात मोतिया पडल्यावर त्या रागावल्या, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. तेव्हापासून फोटोखाली रंग शब्दांतही लिहिते: पिवळा, पण पिकल्या लिंबाचा, हळदीचा नाही. हिरवा, कैरीच्या सालीचा. फोनवरचा फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो तसाच चढवला तर गावाकडच्या बाईच्या फोनवर चक्र फिरत राहतं. आधी लहान करायचा, दोन-तीनशे केबीपर्यंत.

आणि माप कळावं म्हणून प्रत्येक फोटोत वस्तूशेजारी एक स्टीलची वाटी ठेवते. वाटी सगळ्यांच्या घरात असते, तिच्याशेजारी मोजा केवढा ते लगेच कळतं. ह्या वाटीने एकदा मोठं काम केलं. एका ओळखीच्या मुलीने मला कुणाच्या तरी जाहिरातीचा फोटो पाठवला, "काकू, ही तुमच्यासारखीच कुंची करते बघा." माझ्यासारखी कुठली, माझीच होती. फोटो उचलला होता. मी त्या जाहिरातवालीला लिहिलं तर ती म्हणते, फोटो आमचाच आहे, पुरावा काय? मी म्हटलं, वाटी मोठी करून बघा. आमच्या लग्नात आलेली ती वाटी. काठाखाली माझ्या आत्येसासूबाईंचं नाव, 'यांजकडून' आणि लग्नाची तारीख कोरलेली आहे. अर्ध्या तासात फोटो निघाला. लोक फोटोच्या मधोमध आपलं नाव छापतात, त्यात अर्धी कुंची झाकली जाते. त्यापेक्षा भांड्यांवर नाव घालायची आपली जुनी पद्धत बरी.

खऱ्या बाळांचे फोटो मात्र मी लावत नाही. आया कौतुकाने पाठवतात, लावा म्हणतात. ते बाळ उद्या पंधरा वर्षांचं होणार आणि त्याला कुणी विचारलेलं नसणार. टोपडं मी नारळावर चढवून फोटो काढते. शेंडी सोललेला मध्यम नारळ बाळाच्या डोक्याला अगदी मापात बसतो, आणि संध्याकाळी त्याची चटणी होते.

किंमत लिहायची. "किंमत मेसेजमध्ये सांगू" हे मला लग्नाच्या बाजारातल्यासारखं वाटतं. लिहिली की दहांतल्या सहा जणी निघून जातात, आणि त्या जाणारच होत्या. खणाच्या कुंचीखाली मी एवढंच लिहिते की अस्तर मलमलचं, मुंबईच्या मंगळदास मार्केटमधून स्वतः हात लावून आणलेलं, दोनदा धुऊन मगच कापलेलं, आणि एका कुंचीला माझे तीन दिवस जातात. तरीही विचारतात, "घरीच तर करता, मग एवढे कसे?" ह्याला मला अजून चांगलं उत्तर सुचलेलं नाही.

परवा भाचीचा नवा मजकूर आला. प्रेम आणि माया गेली होती. त्याऐवजी होतं, "माझ्या मुलीच्या पायातून तीन दुकानांचे मोजे निसटले, म्हणून मी घोट्याशी दोन ओळी मुक्या खांबाच्या घातल्या." मी वाचून तशीच बसून राहिले. मग तिला लिहिलं, छान आहे, आता मोजा उलटा करून फोटो पाठव.

बराच वेळ काही आलं नाही. रात्री साडेदहाला फोटो आला. चादर पांढरी, उजेड दिव्याचा, मोज्याशेजारी वाटी, आणि अंगठ्यापाशी एक निळा दोरा सुटा, चांगला बोटभर. खाली तिने लिहिलं होतं, "मावशी, हा जोड उसवतेय. उद्या पुन्हा पाठवते."